डायनाबोलचा सहा आठवड्यांचा कोर्स करून थांबलोय, आता अंगात काय चाललंय?

तू लिहिलंयस त्याचं सार आधी मांडतो, म्हणजे दुसरा कुणी वाचत असेल तर त्यालाही संदर्भ लागेल. वय २३, जुळे सोलापूरला राहतोस, तीन वर्षं जिम चालू आहे. सिनियरनं दिलेल्या डायनाबोलच्या, म्हणजे बॉडी बनवायच्या स्टेरॉइडच्या, गोळ्या ६ आठवडे खाल्ल्यास, वजन ६८ वरून ७५ झालं, बंद करून ३ आठवडे झाले तर आता ७१ वर आलंय. डाव्या निप्पलखाली दुखरी गाठ लागतेय, सकाळी ताठरपणा येत नाही, कशात मन लागत नाही, रात्री झोप नाही, आणि रिपोर्टमधे लिव्हरच्या तपासणीतलं एसजीपीटी वाढून ९८ आलंय. सिनियर म्हणतो, "घाबरतोस कशाला बे, दुसरा कोर्स इंजेक्शनसोबत मार, सगळं परत येतंय." दिवाळीनंतर घरचे लग्नाचं बघणार आहेत आणि घरी यातलं कुणालाच काही माहीत नाही.

मी सोलापुरात २४ वर्षं फिजिशियन म्हणून काम करतोय, तालमीतली पोरं, जिममधली पोरं, पोलीस भरतीवाली पोरं, सगळी बघितलीत. पहिल्यांदा एकच सांगतो आणि हे बाकी काही वाचलं नाहीस तरी चालेल: दुसरा कोर्स सुरू करू नकोस. तुला आत्ता जे होतंय ते तिसऱ्या आठवड्यात होतंच, सहा आठवड्यांच्या एका कोर्सनंतर तुझ्या वयाच्या बहुतेक पोरांचं शरीर आपणहून पूर्ववत होतं, फक्त त्याला वेळ द्यावा लागतो आणि तो वेळ देण्याआधीच मंडळी परत गोळीकडं वळतात. माझ्याकडं जी पोरं खरंच बिघडलेली आली ती पहिल्या कोर्सनं बिघडलेली नव्हती, पहिला कोर्स संपल्यावरचे हे दोन-तीन महिने ज्यांना काढता आले नाहीत ती होती.

आता हे खाल्लंस काय ते समजून घे. डायनाबोल हे कंपनीनं दिलेलं नाव, औषधाचं नाव मेथँडिएनोन. स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीनं ते १९५८ च्या सुमारास अमेरिकेत बाजारात आणलं. त्यामागं जॉन झिगलर नावाचे अमेरिकन वेटलिफ्टिंग टीमचे डॉक्टर होते, १९५४ साली व्हिएन्नाच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला गेले असताना रशियन लिफ्टर टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषांचं मुख्य हार्मोन, घेतायत असं त्यांना कळलं आणि मग आपल्या लिफ्टरसाठी ते ही गोळी वापरायला लागले. त्यांनी ५-१० मिलिग्रॅमपासून सुरुवात केली होती, पण लिफ्टर त्यांच्या पाठीमागं कितीतरी पट खायला लागले, आणि पुढं आयुष्यभर झिगलरना या गोष्टीचा पश्चात्ताप राहिला, तसं त्यांनी उघड बोलूनही दाखवलं. १९८३ साली सिबानं ही गोळी अमेरिकेत बंद केली. म्हणजे तुझ्या हातात झिपलॉक पिशवीतून जी गुलाबी गोळी आली ती कुठल्या कारखान्यात बनली, त्यात किती मिलिग्रॅम आहे, मुळात मेथँडिएनोन आहे का दुसरंच काही, हे तुझा सिनियर सांगू शकत नाही आणि मीही सांगू शकत नाही.

रासायनिक दृष्ट्या ही टेस्टोस्टेरॉनचीच बहीण, दोन बदल केलेली. साधं टेस्टोस्टेरॉन गोळीतून खाल्लं तर ते आतड्यातून थेट लिव्हरमधे जातं आणि लिव्हर पहिल्याच फेरीत त्याचा बराचसा निकाल लावतं, रक्तात फारसं काही उरत नाही. म्हणून १७ नंबरच्या कार्बनवर एक मिथाइल गट चिकटवला, त्यामुळं लिव्हरला ती सहज मोडता येत नाही आणि गोळी काम करते. लिव्हरचा जो त्रास होतो तो याच मिथाइल गटामुळं, हे लक्षात ठेव, पुढं लागेल. दुसरा बदल म्हणजे १ आणि २ नंबरच्या कार्बनमधे एक जादा डबल बाँड, त्यानं तिचं इस्ट्रोजेनमधे, म्हणजे बायकांच्या हार्मोनमधे, रूपांतर कमी होतं, पण थांबत नाही, आणि जेवढं होतं ते मिथाइलवालं इस्ट्रोजेन साध्यापेक्षा जोरकस असतं. तुझ्या निप्पलखालची गाठ तिथून आली.

गोळीनं काम होत नाही असं मी तुला सांगणार नाही. आमच्या डॉक्टर लोकांनी ती चूक एकदा केलेली आहे. अमेरिकेतल्या स्पोर्ट्स मेडिसिनच्या कॉलेजनं १९७७ साली जाहीर केलं होतं की स्टेरॉइडनं ताकद वाढते याला ठोस पुरावा नाही, आणि जिममधली पोरं आरशात रोज उलटं बघत होती, मग डॉक्टरांवर विश्वास कोण ठेवणार, १९८४ साली त्यांना ते बदलावं लागलं. १९९६ साली शलेंदर भसीन यांच्या टीमनं नीट प्रयोग केला, आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन, १० आठवडे. व्यायाम न करता नुसतं इंजेक्शन घेतलेल्यांचं चरबी सोडून वजन ३ किलोच्या वर वाढलं, व्यायाम आणि इंजेक्शन दोन्ही असलेल्यांचं ६ किलोच्या वर. तेव्हा वाढतं, हे खरं आहे. मसलच्या पेशीत अँड्रोजेन रिसेप्टरला हे हार्मोन जाऊन बसतं, पेशी जास्त प्रोटीन बांधायला लागते, व्यायामानंतर लवकर सावरते, त्यामुळं तुला रोज छाती मारली तरी थकवा येत नव्हता.

पण तुझे ७ किलो म्हणजे ७ किलो मसल नव्हते. डायनाबोलवर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जे फुगल्यासारखं होतं, चेहरा गोल, घोट्यावर मोज्याचा वळ, टी-शर्ट दंडात घट्ट, त्यात मीठ आणि पाणी भरपूर असतं, मसलमधे ग्लायकोजेन म्हणजे साठवलेली साखर आणि त्यासोबतचं पाणीही असतं. गोळी बंद केल्यावर ४ किलो गेले ते बहुतेक पाणीच गेलं. तू लिहिलंयस "मसल वितळलालंय", तर तसं नाही, मसल तीन आठवड्यांत ४ किलो वितळत नाही. हे मी मुद्दाम सांगतोय कारण आकडा खाली येताना बघूनच पोरांच्या काळजात धस्स होतं आणि ती सिनियरला फोन लावतात.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडं यंत्रमागाच्या गल्लीत वाढलेल्या माणसाला हे लगेच कळेल. मालक बसलाय मेंदूच्या तळाशी, त्याचं नाव हायपोथॅलॅमस. त्याच्या हाताखाली वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी, ती मुकादम. आणि खाली वृषणं म्हणजे माग. मालक मुकादमाला सांगतो, मुकादम एलएच आणि एफएसएच नावाचे दोन निरोप खाली पाठवतो, एलएचवर टेस्टोस्टेरॉन बनतं आणि एफएसएचच्या निरोपावर शुक्रजंतू बनतात, निरोगी माणसात दिवसाला साधारण ३ ते १० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन तयार होतं, बस इतकंच. आता बाहेरून ट्रकभर तयार चादरी येऊन पडल्या तर मालक काय करेल, माग बंद करेल, कामगारांना घरी पाठवेल. गोळी सुरू केल्यावर थोड्याच दिवसांत एलएच आणि एफएसएच खाली जातात, वृषणं आकारानं लहान व्हायला लागतात. गंमत म्हणजे डायनाबोल हे स्वतः टेस्टोस्टेरॉन नाही, त्यामुळं कोर्स चालू असताना टेस्टोस्टेरॉनची तपासणी केली तर आकडा कमी येतो, अंगात ताकद आणि रिपोर्टमधे टेस्टोस्टेरॉन कमी, आणि पोरगं म्हणतं लॅबवाल्यानं चूक केली.

मग गोळी बंद केलीस. डायनाबोल रक्तातून काही तासांतच उतरतं, दोन-तीन दिवसांत संपलं समज. ट्रक यायचा बंद झाला, आणि माग तर अजून बंदच आहेत. मालकाला आधी कळायला हवं की माल संपलाय, मग मुकादमाला निरोप, मग धूळ बसलेले माग पुसून सुरू करायचे. या मधल्या काळात तुझ्या अंगात बाहेरचंही हार्मोन नाही आणि आतलंही पुरेसं नाही. सकाळचा ताठरपणा नाही, इच्छा नाही, चिडचिड, रडू येणं, जिमला जायचा कंटाळा, झोप उडणं, सगळं याच एका कारणानं. तू वेडा झालेला नाहीस आणि नामर्दही झालेला नाहीस. सहा आठवड्यांच्या कोर्सनंतर हे काही आठवडे ते काही महिने चालतं. ज्यांनी वर्षानुवर्षं केलंय त्यांना वर्ष-दीड वर्षही लागतं आणि काहींचे माग परत पूर्ण सुरू होतच नाहीत, त्यांना मग आयुष्यभर टेस्टोस्टेरॉन बाहेरून घ्यावं लागतं, वयाच्या तिसाव्या वर्षापासून.

शुक्रजंतूंचं गणित थोडं वेगळं आहे. एक शुक्रजंतू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, त्यासाठी वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉनचं प्रमाण रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त लागतं, आणि ते फक्त तिथं बनलेलंच चालतं, बाहेरून घेतलेलं आत तेवढं पोचत नाही. म्हणून अंगानं पैलवान दिसणाऱ्याचा सीमेन रिपोर्ट शून्य येऊ शकतो. माझ्याकडं जोडपी येतात, लग्नाला दोन-तीन वर्षं झालेली, सुनेच्या सगळ्या तपासण्या झालेल्या, तिला घरात टोमणे बसलेले, आणि नवऱ्याला एकट्याला आत बोलावून दार लावून विचारलं की तो खाली मान घालून सांगतो, डॉक्टर, लग्नाआधी दोन वर्षं इंजेक्शनं घेतली होती. त्या पोरीनं काय भोगलं असेल ते आठवून मला आजही वाईट वाटतं. तू आत्ता लगेच सीमेन टेस्ट करू नकोस, खराब येईल आणि तू उगाच घाबरशील, गोळी बंद केल्यापासून तीन महिने पूर्ण झाल्यावर कर.

आता तुझ्या सिनियरच्या सल्ल्याकडं येतो. दुसरा कोर्स सुरू केला तर चार दिवसांत बरं वाटेल, हे तो खोटं बोलत नाहीये, कारण ट्रक परत आला. पण माग अजून सुरूच झाले नव्हते, ते आणखी खोल बंद होणार, आणि तो ज्या इंजेक्शनबद्दल बोलतोय ते बहुधा नँड्रोलोन डेकॅनोएट, जिममधे डेका म्हणतात ते, ते तेलात असतं, मसलमधून हळूहळू सुटत कित्येक आठवडे अंगात राहतं आणि माग बंद ठेवायच्या कामात ते गोळीपेक्षा चिवट आहे. म्हणजे पुढच्या वेळी आजच्यापेक्षा वाईट दिवस, आणि ते टाळायला तिसरा कोर्स. अभ्यासकांच्या अंदाजानं स्टेरॉइड घेणाऱ्यांपैकी जवळपास ३० टक्के लोक असे अडकतात, त्रास होतोय माहीत असून सोडता येत नाही. दारूसारखी नशा नसते म्हणून त्याला कुणी व्यसन म्हणत नाही.

यात माझी पण एक चूक आहे, सांगतो. साधारण पंधरा वर्षांपूर्वी अक्कलकोट रोडकडचा एक पोरगा आला होता, तुझ्यासारखीच गोष्ट, वय २२. मी रिपोर्ट बघितले, जोरात रागावलो, गोळ्या बंद कर म्हणालो आणि पाठवून दिलं. बंद केल्यावर पुढचे दोन महिने कसे जातील हे मी त्याला सांगितलंच नाही. त्यानं बंद केल्या, पाचव्या-सहाव्या आठवड्यात त्याला वाटलं आपण संपलो, रागावणाऱ्या डॉक्टरकडं परत कशाला जायचं म्हणून तो सिनियरकडं गेला. वर्षभरानं परत आला तेव्हा डोळे हळदीसारखे पिवळे, अंग खाजवून खाजवून रक्त काढलेलं, बिलिरुबिन २० च्या वर. कावीळ उतरायला अडीच महिने लागले. तेव्हापासून मी रागावणं बंद केलंय, आणि दर दोन आठवड्यांनी परत बोलावतो, पैसे न घेता.

लिव्हरचं तेवढ्यासाठीच नीट ऐक. तुझं एसजीपीटी ९८ हे एकट्यानं फार काही सांगत नाही, कारण एसजीपीटी आणि एसजीओटी दोन्ही मसलमधे पण असतात आणि आदल्या दिवशी जोरात लेग्ज मारले असतील तर स्टेरॉइड न घेणाऱ्याचेही ते वाढतात. म्हणून मी अशा पोराला आठवडाभर व्यायाम पूर्ण बंद ठेवायला लावतो आणि मग परत तपासतो, सोबत जीजीटी, बिलिरुबिन, अल्कलाइन फॉस्फटेज आणि मसलमधून येणारं सीपीके. जीजीटी मसलमधून येत नाही, ते वाढलं तर लिव्हर बोलतंय. सीपीके वाढलंय आणि जीजीटी नॉर्मल, तर मसल. या गोळ्यांची कावीळ वेगळ्या जातीची असते, पेशी फारशा मरत नाहीत पण पित्त लिव्हरमधेच अडकून पडतं, म्हणून कधीकधी एसजीपीटी फार न वाढताही बिलिरुबिन चढत जातं. आधी खाज सुटते, तळहात-तळपाय, रात्री जास्त, मग लघवी चहासारखी, मग डोळे. कोर्स सुरू केल्यापासून एक ते चार महिन्यांत कधीही, म्हणजे तू अजून त्या काळात आहेस. फार चढली तर पित्तानं किडन्याही खराब होतात. वर्षानुवर्षं खाणाऱ्यांच्या लिव्हरमधे रक्तानं भरलेल्या पोकळ्या होतात, गाठी होतात, त्या गाठी फुटून पोटात रक्तस्राव झालेला आहे, क्वचित कॅन्सरही. आणि सोबत लिव्हर टॉनिक घेतोय म्हणून काही होत नाही असं जे जिममधे सांगतात त्याला आधार नाही, ते टॉनिक मिथाइल गटाचं काही वाकडं करू शकत नाही.

गाठीचं. निप्पलच्या बरोबर खाली, रुपयाच्या नाण्याएवढी, दाबली की दुखते, म्हणजे ग्रंथी वाढलीय, चरबी नाही. दुखतेय हे एका अर्थी चांगलं लक्षण, म्हणजे ती अजून ताजी आहे. सुरुवातीच्या काही महिन्यांत इस्ट्रोजेन थांबल्यावर ती बऱ्याचदा आपोआप बसते, नाही बसली तर टॅमॉक्सिफेनसारखं इस्ट्रोजेन अडवणारं औषध काही आठवडे देऊन बघता येतं. वर्षभर तशीच राहिली तर ती आतून तंतुमय होते, मग औषध चालत नाही, सर्जनकडं जावं लागतं. रोज दाबून बघू नकोस, त्यानं ती चिडते. आणि दगडासारखी कडक, न दुखणारी, कातडीला चिकटलेली किंवा त्यातून पाणी-रक्त येणारी गाठ असेल तर वेगळ्या तपासण्या लागतात, म्हणून एकदा डॉक्टरच्या हाताखालून जाऊ दे.

सिनियर लोक पीसीटी, म्हणजे कोर्सनंतरचा उपचार, म्हणून टॅमॉक्सिफेन, क्लोमिफेनच्या पट्ट्या हातात देतात, ती स्वतःहून घेऊ नकोस. क्लोमिफेननं काहींना डोळ्यापुढं चमकायला लागतं, अंधुक दिसतं, टॅमॉक्सिफेननं रक्ताची गुठळी होऊ शकते. ही औषधं आम्हीही काही जणांना देतो, पण आधी एलएच बघून, आणि सगळ्यांनाच लागतात असं अजिबात नाही, एका कोर्सवाल्याला मी तरी आधी थांबून बघतो.

हृदयाचं मात्र काही दिसत नाही आणि दुखत नाही, म्हणून पोरं ते ऐकत नाहीत. गोळीच्या रूपातली ही स्टेरॉइडं चांगलं कोलेस्टेरॉल, एचडीएल, फार झपाट्यानं पाडतात. स्टॅनोझोलॉल म्हणजे जे खाऊन कॅनडाचा धावपटू बेन जॉन्सन १९८८ च्या सोल ऑलिंपिकमधे सापडला ते, त्याच्यावर १९८९ साली एक अभ्यास छापला गेला, रोज फक्त ६ मिलिग्रॅम, ६ आठवडे, एचडीएल ३३ टक्क्यांनी खाली, आणि टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शननं ९ टक्के. बंद केल्यावर हे आकडे काही आठवड्यांत सुधारतात. हृदयाच्या भिंतीचं तसं इतक्या पटकन होत नाही. २०१७ साली सर्क्युलेशन या जर्नलमधे १४० वजन उचलणाऱ्या पुरुषांचा अभ्यास आला, हृदयाची पंप करायची ताकद न घेणाऱ्यांमधे सरासरी ६३ टक्के आणि वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमधे ५२. तू एक कोर्स केलायस, तुझं असं झालं असेल असं मी म्हणत नाही, पण तुझ्या सिनियरचं बीपी कुणी मोजलंय का विचार.

आणि आपल्या गावात आणखी एक गोष्ट. ही औषधं रक्तातल्या लाल पेशी वाढवतात, रक्त घट्ट होतं, हिमॅटोक्रिट म्हणजे रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण ५४ टक्क्यांच्या वर गेलं की गुठळीची भीती. त्यात सोलापूरचा एप्रिल-मे, पारा ४३ च्या पुढं, वरून बॉडीबिल्डिंगच्या शोच्या आधी कट दिसावेत म्हणून पोरं पाणी तोडतात आणि लघवीच्या गोळ्या घेतात. हे तिन्ही एकत्र आलं की काय होतं ते मी आयसीयूत बघितलंय, २७ वर्षांच्या पोराला अर्धांगवायू.

केस, पुरळ यावर फार लिहीत नाही, घरात टक्कल असेल तर ती लवकर येते, पाठीवर पुरळ येतं, तुला माहीतच आहे. मसल पटकन जोर धरतो आणि स्नायूबंध तसा धरत नाही, म्हणून बेंचवर, डेडलिफ्टला टेंडन तुटलेली पोरं येतात. मुलींचा आवाज घोगरा झाला की तो परत येत नाही, दाढीमिशीचे केस राहतात, भरतीची तयारी करणाऱ्या मुलींना कुणी ताकदीची गोळी म्हणून काही देत असेल तर हे आधी सांगा. आणि १६-१७ वर्षांच्या पोरानं घेतलं तर हाडांची वाढीची टोकं वेळेआधी मिटतात, उंची तिथंच थांबते.

तू कुस्ती खेळत नाहीस, पण तुझा धाकटा भाऊ तालमीत जातो असं लिहिलंयस म्हणून हेही. नरसिंग यादव, तीन वेळचा महाराष्ट्र केसरी, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर त्याच्या नमुन्यात हेच मेथँडिएनोन सापडलं. त्याचं म्हणणं होतं की कुणीतरी खाण्यात मिसळलं, नाडा या भारताच्या उत्तेजकविरोधी संस्थेनं ते मान्य केलं, पण वाडा ही जागतिक संस्था अपिलात गेली आणि रिओत कुस्तीच्या अगदी आदल्या दिवशी क्रीडा लवादानं चार वर्षांची बंदी घातली. स्वतःच्या लघवीत काय सापडलं त्याला जबाबदार खेळाडूच, नियम असा आहे. तेव्हा भावाला सांग, तालमीत कुणाच्याही हातचा डबा, पावडर, गोळी घ्यायची नाही. आणि कुणी डॉक्टर नुसत्या अशक्तपणावर ताकदीचं इंजेक्शन देत असेल तर त्या इंजेक्शनचं नाव कागदावर लिहून मागायचं, नँड्रोलोन हे शेड्यूल एच मधलं, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच द्यायचं औषध आहे, किडनीच्या आजारातल्या रक्तक्षयात, हाडं ठिसूळ झालेल्या काही पेशंटना त्याचा उपयोग होतो, धडधाकट पोराला त्याचं काही काम नाही.

आता पुढं काय करायचं. आठवडाभर जिम पूर्ण बंद, चालायला हरकत नाही, सकाळी सिद्धेश्वर तळ्याभोवती चाल. मग सकाळी ८ ते १० च्या दरम्यान उपाशीपोटी रक्त दे, टेस्टोस्टेरॉन सकाळीच मोजायचं असतं, दुपारचा आकडा खाली येतो. त्यात टेस्टोस्टेरॉन, एलएच, एफएसएच, इस्ट्रॅडिओल, प्रोलॅक्टिन, सीबीसी, लिपिड, वर सांगितलेल्या लिव्हरच्या आणि सीपीके, क्रिएटिनिन. टेस्टोस्टेरॉन कमी येणार, ते धरूनच चल, मी बघणार आहे तो एलएच, तो थोडा जरी दिसायला लागला असेल तर मालक जागा झालाय. सहा आठवड्यांनी परत. सिनियरनं त्या गोळ्यांसोबत इंजेक्शनही दिलं असेल तर एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी पण, कारण एक बाटली चौघांत फिरते हे मला माहीत आहे.

नंतर व्यायाम सुरू कर, वजन जुन्याच्या ७० टक्के लाव, आणि महिनाभर वजनकाटा आणि आरसा दोन्हीपासून लांब राहा. प्रोटीन दिवसाला किलोमागं १.६ ग्रॅम, तुझ्यासाठी साधारण ११५ ग्रॅम. चार-पाच अंडी, अर्धा लिटर दूध, ५० ग्रॅम सोयाबीन वड्या, वाटीभर उकडलेले हरभरे, हुलग्याचं माडगं, मूठभर शेंगा, भाकरी-डाळ, यात ते बसतं, महागडा डबा नाही घेतला तरी चालतं. क्रिएटिन ३ ते ५ ग्रॅम घ्यायचं असेल तर खात्रीच्या ठिकाणचं घे, त्यावर वर्षानुवर्षं अभ्यास झालाय, फक्त रक्त तपासताना सांग, क्रिएटिनिन थोडं वाढलेलं दिसतं. आणि सात-आठ तास झोप, टेस्टोस्टेरॉन झोपेतच जास्त बनतं.

मधल्या काळात डोळे पिवळे, अंगभर खाज, छातीत दुखणं, धाप, एकाच पायाला सूज, अर्ध्या अंगात मुंग्या, यातलं काही झालं तर माझी वाट बघू नकोस, थेट सिव्हिल किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल, आणि तिथं पहिल्याच वाक्यात सांग की स्टेरॉइड घेतलंय, नाहीतर ते दुसरीच कारणं शोधत बसतील. आणि मन फारच खाली गेलं, जगण्यात अर्थ नाही असे विचार यायला लागले, तर ते हार्मोन कमी झाल्यानं पण येतात, त्याच क्षणी कुणाला तरी सांग, रात्रीचे दोन वाजले असले तरी १४४१६ ला लाव, टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

लग्नाचं म्हणशील तर स्थळं बघायला कुणाची ना नाही, पण तीन महिन्यांनंतरचा सीमेन रिपोर्ट हातात आल्याशिवाय होकार देऊ नकोस, आणि जिच्याशी ठरेल तिला लग्नाआधी तू स्वतः सांग. घरी आधी कुणाला सांगायचं असं विचारलंयस. माझ्या अनुभवात वडिलांपेक्षा आई पटकन समजून घेते. पाहिजे तर दोघं या, मी समजावतो. येताना ती उरलेल्या गोळ्यांची पिशवी घेऊन ये, फेकू नकोस. आणि डबा आण, उपाशीपोटी रक्त दिल्यावर इथंच बाकावर बसून भाकरी-चटणी खाऊन घे, मग निवांत बोलू.